महागडी टॉर्च मंद होते, लुकलुकते, मध्येच विझते: काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने

भारी किमतीची टॉर्च बिघडली की माणसाला दुप्पट राग येतो, आणि तो रास्तच आहे. ओळखीपाळखीतून अशा टॉर्च माझ्याकडे सतत येत असतात. कंपनी कोणतीही असो, दुखणी ठरलेली. ती बहुधा एलईडीत किंवा आतल्या सर्किटमध्ये नसतात. सेलमधून निघालेली वीज एलईडीपर्यंत जाते आणि नळीच्या धातूतून परत सेलकडे येते. त्या वाटेवर कुठेतरी खोट असते. ही वाट घरी बसून, जवळजवळ फुकट तपासता येते. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका. हेड, म्हणजे एलईडी असलेला पुढचा भाग, उघडण्यापर्यंत पोचण्याआधीच बहुतेक टॉर्च पुन्हा लागलेल्या असतात.

लक्षणं

तुमची टॉर्च यातलं नेमकं काय करते ते आधी नीट बघा. "नीट चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- सर्वांत मोठ्या उजेडावर लावली की दोन-तीन मिनिटांत आपोआप मंद होते.
- हलवली, आपटली किंवा मागचं झाकण दाबलं की लुकलुकते.
- लहान उजेडावर व्यवस्थित चालते, पण मोठ्या उजेडावर नेली की विझते किंवा पुन्हा लहान उजेडावर येते.
- काल चालत होती, आज बटण दाबून काहीच होत नाही.
- न वापरता ठेवली तरी काही आठवड्यांत सेल उतरलेला असतो.
- केबल लावूनही चार्ज होत नाही.
- काचेच्या आतून धुकं धरतं.

मंद होणं हा बिघाड आहे का, ते आधी ठरवा

सर्वांत जास्त तक्रारी पहिल्या लक्षणाच्या येतात. "खोक्यावर ३००० लुमेन लिहिलंय आणि तीन मिनिटांत उजेड निम्म्यावर." (लुमेन म्हणजे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप.) इथे बहुतेक वेळा टॉर्च स्वतःला वाचवत असते. एवढा उजेड काढायला एलईडीला साधारण ३० वॉट लागतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. तेवढी वीज मुठीत मावणाऱ्या अॅल्युमिनियमच्या नळीत ओतली जाते आणि तिच्यातली निम्म्याहून जास्त उष्णता होऊन बसते. हेड ५० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की हातात धरवत नाही. शिवाय उष्णतेने एलईडीचं आणि सेलचं, दोघांचंही आयुष्य घटतं. म्हणून चांगल्या टॉर्चमध्ये तापमान बघून उजेड खाली आणायची सोय मुद्दाम केलेली असते. साध्या एका सेलच्या टॉर्चमध्ये पंख्याशिवाय सतत टिकणारा उजेड हजार लुमेनच्या आतबाहेरच असतो, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.

खोक्यावरचे आकडे खोटे असतात असं मात्र नाही, ते वाचायची पद्धत वेगळी आहे. बऱ्याच नामांकित कंपन्या २००९ मध्ये आलेल्या एएनएसआय एफएल-१ या प्रमाणपद्धतीने आकडे देतात. त्या पद्धतीत लुमेनचा आकडा टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या आत घेतलेला असतो. किती वेळ चालते हे मोजताना उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरला जातो. म्हणजे "३००० लुमेन, ४ तास" याचा अर्थ पहिली काही मिनिटं ३००० आणि मग बराच काळ त्याहून खूपच कमी, असा असू शकतो. माहितीपत्रकात वेळ आणि उजेड यांचा आलेख असेल तर तोच बघा. त्या एका रेषेवरून टॉर्चबद्दल जितकं कळतं तितकं मोठ्या अक्षरांतल्या आकड्यावरून कळत नाही.

अंतराच्या आकड्याचंही तसंच. ज्या अंतरावर उजेड पाव लक्सवर येतो, म्हणजे साधारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथपर्यंतचं अंतर मोजलेलं असतं. एवढ्या उजेडात समोर झाड आहे की माणूस हे धड ओळखू येत नाही. कामाचं अंतर छापील आकड्याच्या निम्मं धरावं. दुप्पट लांब पोचायला उजेडाची धार चौपट लागते, त्यामुळे दोन टॉर्चच्या लुमेनच्या आकड्यांत मोठा फरक असूनही लांबवर बघताना तो जाणवत नाही.

हे सगळं सांगतो आहे कारण यानंतरची तपासणी एका साध्या प्रश्नावर अवलंबून आहे: उजेड कमी झाला तेव्हा हेड गरम होतं का? सेल पूर्ण चार्ज करा, टॉर्च थंड असताना मोठ्या उजेडावर लावा आणि बोट हेडच्या पन्हळींवर ठेवा. एक-दोन मिनिटांत हेड चटका बसेल असं तापलं आणि मग उजेड उतरला, तर टॉर्च ठणठणीत आहे. खात्री हवी असेल तर पंख्यासमोर धरून तोच प्रयोग करा. मोठा उजेड जास्त वेळ टिकेल. मात्र पाच-दहा सेकंदांतच, हेड गार असताना उजेड पडला, तर उष्णतेचा संबंध नाही. सेल किंवा कॉन्टॅक्ट कमजोर आहे. खालची तपासणी त्याचीच आहे.

आणखी एक. काही टॉर्च सेल भरलेला असताना लखलखीत असतात आणि तो उतरेल तशा हळूहळू मंद होत जातात. त्यांच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, वीज सरळ सेलमधून एलईडीकडे सोडलेली असते. दुसऱ्या प्रकारात ड्रायव्हर व्होल्टेज सांभाळून उजेड शेवटपर्यंत एकसारखा ठेवतो आणि अखेरीस एकदम पायरी उतरतो. महाग टॉर्च घेताना माझ्या मते पैसे या दुसऱ्या प्रकारासाठी मोजावेत. पण पहिल्या प्रकारची टॉर्च हळूहळू मंद झाली तर तिला बिघडलेली म्हणता येणार नाही.

फुकटातली पहिली तपासणी: लॉक, कागद, उलटा सेल

"एकदम मेली" म्हणून आलेल्या बऱ्याच टॉर्च फक्त लॉक झालेल्या असतात. खिशात किंवा बॅगेत चुकून लागू नये म्हणून आजच्या बहुतेक टॉर्चमध्ये ही सोय आहे. बटण ठरावीक वेळा भराभर दाबलं की लॉक. अनेक टॉर्चमध्ये चार वेळा, काहींत तीन वेळा, काहींत दाबून धरायचं. बटण दाबल्यावर एलईडी क्षणभर चमकून विझत असेल किंवा बटणातला बारीक दिवा लुकलुकत असेल, तर टॉर्च जिवंत आहे आणि लॉक आहे. माहितीपत्रकात बघून ते उघडा.

दुसरं लॉक झाकणाचं. बऱ्याच टॉर्चमध्ये मागचं झाकण पाव फेरा सैल असलं तरी विजेची वाट तुटते. ते शेवटपर्यंत आवळा. नवी टॉर्च असेल तर सेल आणि कॉन्टॅक्ट यांच्यामध्ये कारखान्यात ठेवलेली प्लॅस्टिकची पातळ चकती राहिली आहे का, तेही बघा. सेलची धन बाजू बहुतेक टॉर्चमध्ये हेडकडे असते, पण सगळ्यांत नाही. नळीच्या आत किंवा माहितीपत्रकात खूण असते.

बाजूला बटण असलेल्या टॉर्चच्या आत छोटा संगणकच असतो आणि तो कधीकधी अडकतो. झाकण उघडून सेल बाहेर काढा, अर्धा-एक मिनिट थांबा, बटण दोन-चार वेळा दाबा आणि मग सेल परत घाला. एवढ्याने चालू झाली आणि पुन्हा तो त्रास झाला नाही, तर पुढे काही करायची गरज नाही.

काही टॉर्चच्या नळीची दोन्ही तोंडं दिसायला सारखीच असतात, पण साफसफाईनंतर नळी उलटी बसवली की बटण काम करत नाही. अलीकडे नळी काढली असेल तर तीही फिरवून बघा.

सेल

आता सेलकडे वळू. इथे थोडा वेळ घालवाच, कारण मोठ्या उजेडावर विझण्याचं दुखणं बहुधा इथेच सापडतं.

साधा मल्टिमीटर असला की पुरे. पूर्ण चार्ज झालेला लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. चार्जरमधून काढून तासभर ठेवल्यावर ४.१ च्या खाली घसरला असेल तर तो थकलेला आहे. ३ व्होल्टच्या खाली असेल तर पार उतरलाय, चार्ज करा. २.५ च्याही खाली जाऊन बराच काळ पडून राहिला असेल, तर तो सेल टाकून द्या. असे सेल "जिवंत" करायच्या युक्त्या फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका. इतक्या खाली गेलेल्या सेलच्या आत तांबं विरघळून भलत्या जागी बसतं आणि पुढे कधीही आतूनच शॉर्ट होऊ शकतं.

मीटरवर थेट शून्य दिसलं तर संरक्षक सर्किट असलेल्या सेलने स्वतःला तोडून घेतलेलं असू शकतं. चांगल्या चार्जरमध्ये ठेवल्यावर तो सावरतो. चार्जरने ओळखलाच नाही किंवा पुन्हा पुन्हा शून्य दाखवू लागला, तर बदला.

पण नुसतं व्होल्टेज ठीक असून भागत नाही. मोठ्या उजेडाला १० अँपियरपर्यंत वीज लागू शकते. सेलचा आतला रोध ०.०३ ओहम असेल तर त्या क्षणी ०.३ व्होल्ट पडतात, ते चालून जातं. जुन्या किंवा हलक्या सेलमध्ये तोच रोध ०.१ ओहम असला की पूर्ण १ व्होल्ट पडतो. टेबलावर ४ व्होल्ट दाखवणारा सेल टॉर्चमध्ये ३ वर येतो, ड्रायव्हरला वाटतं सेल संपला आणि तो उजेड खाली आणतो किंवा तोडतो. लहान उजेडाला फार कमी वीज लागते, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसतं. त्यामुळे खरी परीक्षा एकच: त्याच मापाचा, जास्त अँपियर देणारा, खात्रीचा सेल मागून आणा आणि लावून बघा. विझणं थांबलं तर टॉर्चला काही झालेलं नव्हतं.

सेल विकत घेताना आकड्यांना भुलू नका. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. या मापात नामांकित सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या आसपास संपते. वेष्टनावर ९९०० वगैरे छापलेलं असेल तर तो सेल हातात सुद्धा घेऊ नका. २१७०० या मापात ५००० एमएएच ही रास्त अपेक्षा आहे. संरक्षक सर्किटवाला सेल काही मिलिमीटर लांब असतो. तो आखूड नळीत कोंबला की स्प्रिंग पार दबते आणि सेलच्या टोकाला खड्डा पडतो. उलट, सपाट टोकाचा सेल काही टॉर्चमध्ये कॉन्टॅक्टला टेकतच नाही, कारण सेल उलटा घातला तरी नुकसान होऊ नये म्हणून धन बाजूचा कॉन्टॅक्ट थोडा आत ठेवलेला असतो. तिथे टोकावर उंचवटा असलेलाच सेल लागतो. काही कंपन्यांच्या सेलची धन आणि ऋण दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. अशा सेलच्या टॉर्चमध्ये साधा सेल घातला तर ती चार्ज होत नाही, आणि काही तर लागतही नाहीत.

एकामागे एक दोन सेल लागणारी टॉर्च असेल तर दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच वयाचे आणि सारखेच चार्ज केलेले असलेच पाहिजेत. एक आधी उतरला की दुसरा त्यात उलट दिशेने वीज ढकलतो आणि बंद नळीत त्याचा स्फोट होऊ शकतो. दोघांच्या व्होल्टेजमध्ये मीटरवर ठळक फरक दिसला तर ती जोडी वापरू नका.

आटे आणि कॉन्टॅक्ट

झाकण काढा आणि उजेडात नळीची मागची कड बघा. बाहेरून नळी काळी किंवा रंगीत दिसते, पण तिच्या तोंडावर एक बारीक चकचकीत कडं असतं. बहुतेक टॉर्चमध्ये तेवढ्याच भागावर रंगाचा थर नसतो. हा थर वीज जाऊ देत नाही, म्हणून कडं मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं आणि सगळी वीज तिथून झाकणात जाते. काही महिन्यांच्या वापराने त्या कडेवर काळपट, चिकट लेप बसतो: जुनं ग्रीस, धूळ आणि अॅल्युमिनियमची बारीक भुकटी. लुकलुकण्याचं हे अगदी नेहमीचं कारण.

न सुटणाऱ्या धाग्यांचा कपडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जरा भिजवून ते कडं, आटे, स्प्रिंगचं टोक, हेडमधला कॉन्टॅक्ट आणि सेलची दोन्ही टोकं पुसा. कपड्यावर काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. हेडच्या आत कानातली काडी वापरा. सँडपेपर मात्र नको; सोन्याचा किंवा निकेलचा मुलामा एकदा उडाला की खालचा धातू लवकर गंजतो आणि त्रास कायमचा मागे लागतो.

वाळल्यावर ओ-रिंगला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला, आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. ग्रीस जास्त झालं तर ते उघड्या कडेवर येतं आणि साफ केलेलं पुन्हा बिघडतं. पेट्रोलियम जेली लावायचा मोह टाळा, काही जातींचं रबर तिने फुगतं. ओ-रिंग स्वतः सिलिकॉनची असेल तर कंपनी सांगते तेच ग्रीस वापरा.

अल्कलाइन सेलवर चालणारी टॉर्च असेल आणि आत पांढरी भुकटी दिसली, तर सेल गळलाय. ती भुकटी क्षारयुक्त असते. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या काडीने पुसून घ्या, मग अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्प्रिंग हिरवी होऊन कुरतडली असेल तर ती बदलावीच लागते.

झाकणातली आटेवाली रिंग

ही तपासणी फार कमी लोकांना माहीत आहे, आणि हातात हलवली की लुकलुकणाऱ्या टॉर्चमध्ये मी साफसफाईनंतर लगेच हीच करतो. मागे बटण असलेल्या टॉर्चचं झाकण उलटं धरून आत बघा. स्प्रिंगभोवती एक सपाट धातूची रिंग दिसेल, तिला समोरासमोर दोन भोकं किंवा खाचा असतील. स्विचला जागेवर धरून ठेवणं आणि झाकणाच्या धातूशी जोडणं, ही दोन्ही कामं ही रिंग करते. बटण दाबून दाबून, धक्के बसून ती हळूहळू सैल होते. डोळ्याला सैल दिसतेच असं नाही.

टोकदार पक्कड किंवा मजबूत चिमट्याची दोन टोकं त्या भोकांत घाला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. किंचित जरी फिरली तरी समजा कारण सापडलं. हाताला घट्ट लागेपर्यंतच आवळा. चिमटा घसरून स्विचच्या पट्टीवर ओरखडा गेला तर भलतंच काम निघतं, म्हणून टोकं नीट बसल्याशिवाय जोर लावू नका. हेड आणि नळी यांचा जोडही त्याच वेळी हाताने आवळून बघा. तो फिरत नसेल तर बहुधा चिकटवलेला आहे, सोडून द्या.

मागच्या बटणाच्या टॉर्चची खात्रीची चाचणी

रिंग घट्ट आहे, सगळं साफ आहे, सेल चांगला आहे, तरी टॉर्च लागत नाही किंवा लुकलुकते. आता दोष स्विचमध्ये आहे की हेडमध्ये, हे एका चाचणीत कळतं. ही चाचणी फक्त एका सेलच्या आणि मागच्या बटणाने चालू-बंद होणाऱ्या टॉर्चवर करा.

झाकण काढा, सेल आतच राहू द्या. आता सेलची ऋण बाजू तुमच्याकडे आहे. जाड तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा इन्सुलेशन असलेल्या पकडीने धरा. त्याचं एक टोक सेलच्या तळाला आणि दुसरं नळीच्या त्या चकचकीत कडेला टेकवा. सेकंद-दोन सेकंदच. टॉर्च लागली आणि उजेड स्थिर राहिला, तर हेड आणि सेल निर्दोष आहेत, स्विच गेलाय. लागली नाही किंवा इथेही लुकलुकली, तर दोष पुढे हेडमध्ये आहे. सेलची धन बाजू हेडकडे असल्याची खात्री आधी करून घ्या आणि बारीक तार वापरू नका, ती तापून लाल होऊ शकते.

स्विच बदलणं तसं सोपं आहे. रिंग उलटी फिरवून काढली की स्विच, वॉशर आणि रबराची टोपी एकापाठोपाठ बाहेर येतात. काढताना प्रत्येक पायरीचा फोटो घ्या. वॉशरचा क्रम चुकला की नवा स्विचही काम करत नाही. चांगल्या कंपन्या सुटा स्विच देतात. महाग टॉर्च घेताना सुटे भाग मिळतात का हे विचारून ठेवणं म्हणूनच मला लुमेनच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

ठेवल्याठेवल्या सेल उतरतो

बाजूच्या बटणाची टॉर्च बंद असतानाही बटणाची वाट बघत थोडी वीज पीत असते. ही वीज ५० मायक्रोअँपियर असेल तर ५००० एमएएचचा सेल उतरायला हिशेबाने ११ वर्षं लागतील, विसरून जा. पण ५ मिलिअँपियर जात असतील तर तोच सेल हजार तासांत, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत रिकामा. सजावटीचे बारीक रंगीत दिवे चालू ठेवले असतील तर आधी ते बंद करून बघा.

मोजायचं असेल तर झाकण काढून मीटर सेलचा तळ आणि नळीची कड यांच्यामध्ये मिलिअँपियरवर लावा. त्या वेळी टॉर्च चालू होऊ देऊ नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. ओढा मोठा निघाला तर दोष ड्रायव्हरमध्ये आहे. तोपर्यंत ठेवताना झाकण पाव फेरा सैल ठेवा. ज्या टॉर्चच्या आट्यांवर रंगाचा थर आहे तिथे एवढ्याने वाट तुटते. आटे उघड्या धातूचे असतील तर सेल बाहेर काढूनच ठेवावा लागेल.

चार्ज होत नाही

आधी केबल बदला, आणि दोन्हीकडे यूएसबी-सी टोक असलेल्या केबलऐवजी चार्जरच्या बाजूला जुनं रुंद यूएसबी-ए टोक असलेली केबल वापरून बघा. यूएसबी-सी चार्जर समोर ५.१ किलोओहमचा एक रोधक दिसल्याशिवाय वीज सोडतच नाही, आणि तो रोधक न बसवलेल्या टॉर्च आजही बाजारात आहेत, महागातल्याही. जुन्या टोकाच्या केबलने हा अडसर येत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर खाचेत धूळ-कचरा अडकलाय का बघा आणि लाकडी काडीने अलगद काढा. खाच ओली असेल तर पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंग नको. मागे चुंबकाने चिकटणारा चार्जर असेल तर त्या चकतीला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसून काढा, त्याने शॉर्ट होतं.

धुक्याचं थोडक्यात. सेल काढून टॉर्च उघडी करून कोरड्या जागी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत एक-दोन दिवस ठेवा, ओ-रिंग तपासा आणि चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी झाकण नीट बसतंय ना ते बघा. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ते झाकण लागलेलं असेल तरच. काच उघडून रिफ्लेक्टर पुसायला जाऊ नका. त्याचा चकचकीत थर इतका नाजूक असतो की मऊ कापसाचाही ओरखडा उमटतो.

इथे थांबा

काही गोष्टी दिसल्या की कोणतीही तपासणी पुढे नेऊ नका. टॉर्च बंद असताना सेल गरम लागतोय, सेलला खड्डा पडलाय, आतून फुसफुस ऐकू येतेय, गोडसर रसायनाचा वास येतोय, किंवा टोकाशी ओलावा वा गंज दिसतोय: तो सेल वापरायचा नाही, चार्ज करायचा नाही, टोचायचा नाही. गरम असेल किंवा आवाज येत असेल तर काढायच्या भानगडीत पडू नका. टॉर्चसकट उघड्यावर, सिमेंटच्या जमिनीवर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि लांब व्हा. शांत असेल तर टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नुसतं वेष्टन फाटलं असेल तरी त्या अवस्थेत वापरू नका, कारण सेलचं सगळं अंग ऋण असतं आणि धन टोकापासून ते फक्त त्या पातळ वेष्टनाने वेगळं ठेवलेलं असतं. जाणकाराकडून नवं वेष्टन चढवून घ्या.

हेडच्या आतलं काम जाणकारावर सोडा. अनेक एलईडींपैकी एक पेटत नसेल, उजेडात निळसर झाक आली असेल, एलईडीच्या पिवळ्या भागावर काळा ठिपका दिसत असेल, जळका वास असेल, हेडमध्ये पाणी शिरलं असेल, किंवा वरची तारेची चाचणी हेडकडे बोट दाखवत असेल, तर दोष ड्रायव्हर किंवा एलईडीचा आहे. मोठ्या ताकदीची एलईडी तांब्याच्या जाड पट्टीवर झाळलेली असते आणि ती पट्टी उष्णता भराभर ओढून घेते. त्यामुळे साध्या सोल्डरिंग आयर्नने डाग धड बसत नाही, आणि खाली थर्मल पेस्ट नीट नसेल तर नवी एलईडीही तापून जाते. हेड चिकटवलेलं असेल तर ते तापवून उघडावं लागतं. वॉरंटी शिल्लक असताना असलं काही केलंत तर ती बहुधा तिथेच संपते.

दुरुस्तीला देताना एवढं लिहून द्या: कोणत्या उजेडावर काय होतं, हेड गरम असताना की गार असताना, कोणता सेल, त्याचं व्होल्टेज किती, दुसरा सेल लावून काय झालं आणि तारेच्या चाचणीत काय दिसलं. एवढी माहिती असली की दुरुस्ती करणारा थेट मुद्द्यावर येतो. टॉर्च कुरिअरने पाठवायची असेल तर लिथियम सेलसकट पाठवता येईल का हे आधी विचारा, आणि सेल काढून पाठवायला सांगितलं तर टॉर्चच्या मूळ सेलचं नाव आणि माप चिठ्ठीत लिहायला विसरू नका.